यादीतला अठ्ठाविसावा रस्ता

बिनारू शायरमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका तालुक्यात, सत्तावीस रस्ते होते. त्यातले दोन डांबरी, बाकीचे सगळे मातीचे. कुठला खुला, कुठला बंद, कुठे फक्त उंच चाकांची गाडी जाईल, हे रोज सकाळी सात वाजता कौन्सिलच्या वेबसाइटवर लागायचं. पश्चिम क्वीन्सलंडच्या त्या भागात लोक ही यादी चहाबरोबर वाचत. वर दोनशे किलोमीटरवर पाऊस पडला, तर इथे आभाळात ढगाचा ठिपका नसताना तिसऱ्या दिवशी ओढे भरून रस्ते तोडत. आणि जानेवारीच्या उन्हात चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस कधी आठवड्यानं सापडायचा, कधी सापडायचाच नाही.

यादी तिघांच्या हातून जायची. क्लॅरी डोबल हा रस्त्यांचा मुकादम. वय त्रेसष्ट, त्यातली अडतीस वर्षं ग्रेडरवर बसून मातीचे रस्ते सपाट करण्यात गेलेली. तो पहाटे कुठूनतरी फोन करून रस्त्यांची हालहवाल सांगायचा. ऑफिसातली टॅमसिन ती टाइप करायची. आणि वेबसाइट चालती ठेवायचं काम नॉरा ट्रेलोअरचं.

नॉरा एक्कावन्न वर्षांची. एकोणीस वर्षं ती इथल्या ग्रंथालयात होती. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तिनं लावला, आणि मग ते कामच तिच्या गळ्यात पडलं. आता ती तीन शायरच्या वेबसाइट सांभाळायची. ग्रंथालयाच्या मागे लाकडी फळ्यांची जुनी दप्तरखोली होती. तिथेच एका लोखंडी कपाटात सर्व्हर होता आणि शेजारी नॉराचं टेबल. खोलीत एसी होता. “तो कपाटासाठी आहे,” ती लोकांना सांगायची, “मी नुसती पाहुणी.”

त्या मंगळवारी टॅमसिन रजेवर होती. सकाळी नऊच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज कापूस कोंबल्यासारखा.

“नॉरा, आपल्याकडे रस्ते किती गं?”

“सत्तावीस. अक्कलदाढेबरोबर अक्कलपण काढून घेतली का डॉक्टरनं?”

“हसू नकोस, दुखतंय. माझ्या फोनवर अठ्ठावीस दिसतायत.”

नॉरानं समोरच्या पडद्यावर मोजले. सत्तावीस. पुन्हा मोजले. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं स्वतःचा फोन ऑफिसच्या नेटवर्कवरून काढला, मागच्या पायरीवर उन्हात जाऊन उभी राहिली आणि तेच पान उघडलं.

अठ्ठावीस. अकराव्या आणि बाराव्या रस्त्याच्या मधे एक ओळ होती. अक्षर तेच, रंग तोच.

‘लाँग सोक रोड. खुला. दुसऱ्या जाळीनंतर कडा मऊ. उजवीकडून जा.’

जाळी म्हणजे गुरं अडवायला रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी. इकडे प्रत्येक रस्त्यावर असते. पण लाँग सोक रोड हे नाव नॉरानं जन्मात ऐकलं नव्हतं.

तिला फारसं नवल वाटलं नाही. राग आला. या कामात तिनं बरंच पाहिलं होतं. शेजारच्या शायरच्या गुरांच्या प्रदर्शनाच्या पानावर एकदा बनावट घड्याळं विकायला निघाली होती. एका चर्चच्या पानातून लोक थेट जुगारात जाऊन पडत होते. अशी लबाड स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, घुसवणारे पहिली काळजी घेतात ती मालकाला न दिसण्याची: ऑफिसातून पान उघडलं तर सगळं स्वच्छ, बाहेरून उघडलं तर घाण. म्हणून तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

ती खुर्चीत बसली आणि एकेक फाइल तपासायला लागली.

अकरा वाजता सापडली. घोड्यांच्या शर्यतीच्या फोटोंमधे एक फाइल होती, नाव फोटोसारखं, पण आत फोटो नव्हता. नुसती अक्षरांची खिचडी, चाळीसेक ओळी. नॉरानं ती उलगडली. असल्या फाइलींच्या पोटातून काय निघतं ते तिला पाठ होतं. पासवर्ड चोरायची सोय, नाहीतर कुठल्यातरी दुकानाचा दुवा. इथे तसलं काही निघालं नाही. ती स्क्रिप्ट फक्त एकच काम करत होती. शेजारच्या एका छोट्या फाइलीतली ओळ उचलायची आणि रस्त्यांच्या यादीत लावायची. ऑफिसातून कोणी पाहत असेल तर लावायची नाही. ती छोटी फाइल रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नव्यानं लिहिली जात होती.

कोणाला यातून काय मिळत होतं? नॉरा पडद्याकडे बघत राहिली. काही चोरायचं नाही, काही विकायचं नाही. चष्मा काढून तिनं डोळे चोळले आणि क्लॅरीला बोलावणं धाडलं.

क्लॅरी दुपारी आला. हॅट हातात, कपड्यांना डिझेलचा वास. दारातच थांबून त्यानं एसीचा वारा अंगावर घेतला.

“तुझ्या कपाटाची मजा आहे बुवा.”

“हे वाच.” तिनं फोन पुढे केला.

त्यानं हात लांब करून वाचलं. “असा रस्ता नाही.”

“ते मलाही कळतं. जुना कुठला? बंद पडलेला?”

“नॉरा, या शायरमधला प्रत्येक खड्डा मला नावानं ओळखतो. लाँग सोक म्हणे. सोक म्हणजे पाणी झिरपतं ती जागा. झिरपायला आधी पाणी नको का?” तो हसला. मग त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, आणि हसू हळूहळू ओसरलं. “हे कुणी लिहिलं?”

“तेच शोधतेय.”

“हे ऑफिसात बसून लिहिलेलं नाही. कडा मऊ झाली हे बघून कळत नाही. ग्रेडरचं पातं लावल्यावर कळतं.”

“म्हणजे ग्रेडरवाल्याला.”

“हां.”

“शायरमधे ग्रेडरवाला तूच आहेस, क्लॅरी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “अगं, टीव्हीचं चॅनल मला बायको लावून देते.”

नॉरा हसली. पण तो गेल्यावर तिच्या मनात आलं, क्लॅरीची बायको शाळेत दहा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती.

दुपारभर ती जुने बॅकअप उघडत बसली. मागच्या वर्षीच्या बॅकअपमधे ती फाइल होती. त्याच्या आदल्या वर्षीच्याही. सहा वर्षांपूर्वीच्या सगळ्यात जुन्या प्रतीतही होती, आणि ती प्रत ज्या मशीनवरची होती ते मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. मधे एकदा सगळ्या फाइली नव्या सर्व्हरवर हलवल्या होत्या. त्या नॉरानंच हलवल्या होत्या, स्वतःच्या हातानं.

तिनं टॅमसिनला फोन करून हे सांगितलं.

“बापरे. एवढी वर्षं तुझ्या नाकाखाली?” टॅमसिन म्हणाली. “पासवर्ड तर सगळे तुझ्याकडेच असतात ना?”

तिनं ते सहज म्हटलं असेल. नॉराला मात्र ते लागलं. फोन ठेवल्यावर तिला आठवलं, बाहेरून पान उघडून बघायची बुद्धी टॅमसिनला नेमकी आजच झाली होती.

पाच वाजायच्या आत तिनं दोन्ही फाइली काढल्या, पहाटेचं ते वेळापत्रक मोडलं, सगळे पासवर्ड बदलले. नवे कोणालाच सांगितले नाहीत.

बुधवारी पावणेसहालाच ती दप्तरखोलीत हजर होती. उजाडलं होतं. बाहेर पाण्याच्या टाकीवर गुलाबी काकाकुव्यांनी कलकलाट मांडला होता. सहाच्या ठोक्याला तिनं कपाट उघडलं आणि सर्व्हरची बाहेर जाणारी वायर उपटून टेबलावर ठेवली. आता जगातलं कोणीही या मशीनपर्यंत पोचू शकत नव्हतं. शायरची वेबसाइट बंद पडली होती, पण सातच्या आधी ती बघणार कोण?

चहाचा कप हातात धरून ती पडद्यासमोर बसली.

सहा दहाला कपाटातला हिरवा दिवा लुकलुकला. मशीनच्या आत हलकी घरघर झाली. शर्यतीच्या फोटोंमधे दोन फाइली आल्या.

नॉरानं छोटी फाइल उघडली.

‘लाँग सोक रोड. खुला. टाकीत पाणी आहे. काल दोन गाड्या.’

वायर टेबलावरच होती. तिनं ती हातात घेऊन पाहिली, दोन्ही टोकं. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. कुठून कोण येतं, काय ठेवतं, ते सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. सहा दहाची नोंद होती. पाठवणाऱ्याच्या जागी याच मशीनचा पत्ता होता.

चहा गार झाला. काकाकुवे एकाएकी उडून गेले आणि तिला त्या शांततेचा त्रास व्हायला लागला.

सातच्या यादीसाठी वायर परत जोडून तिनं ठरवलं, हे मशीन साफ करत बसायचंच नाही. तिच्याकडे एक कोरी डिस्क होती. तिच्यावर तिनं सगळं पहिल्यापासून मांडलं, आणि जुन्यातली ओळ न् ओळ वाचून खात्री होईल तेवढंच आत घेतलं. फोटो एकही घेतला नाही. जुनी डिस्क काढून तिला चिकटपट्टी लावली, वर तारीख घातली आणि खणात टाकली. दहा चाळीसला नवी वेबसाइट सुरू झाली. ती पायरीवर जाऊन फोनवर बघून आली. सत्तावीस.

गालाला सूज घेऊन टॅमसिन कामावर आली होती. “झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“कोण होतं?”

“तू सांग.”

“म्हणजे काय?” टॅमसिनचा चेहरा लाल झाला. नॉरा चहा ओतायला गेली.

सव्वाबाराला ऑफिससमोर एक कॅरव्हॅन येऊन थांबली. निवृत्त झाल्यावर घर गाडीला जोडून देशभर हिंडणारी म्हातारी जोडपी इकडे पुष्कळ येतात. त्यातलंच एक, बर्ट आणि ऑड्री क्विल्टी. क्लॅरी तेव्हा आतच होता, पाण्याच्या नळापाशी.

“आभार मानायला थांबलो,” बर्ट म्हणाला. “हल्ली कौन्सिलला शिव्याच मिळत असतील. म्हटलं, एकदा चांगलं बोलावं. तुमच्या त्या लाँग सोक रोडनं आमचे दोन तास वाचवले हो. काय रस्ता ठेवलाय! कपातलं पाणी हलत नाही.”

क्लॅरीनं नळ बंद केला.

“कुठला रस्ता म्हणालात?” क्लॅरीनं विचारलं.

“लाँग सोक. तुमच्याच यादीत पाहिला. ‘टॅरोला’ नावाचा फाटा लागतो, त्याच्या अलीकडे पाटी आहे, तिथून वळलो.”

“माणूसबिणूस कोणी दिसला?”

“एक होता की, ग्रेडरवर,” ऑड्री म्हणाली. “आम्हाला बघून नमस्कारासारखं बोट वर केलं त्यानं. दोन जाळ्या लागल्या, मग ती पाण्याची टाकी. झकास जागा आहे. तिथे एक बाई होती बघा, छोट्या निळ्या गाडीतली. एकटीच, बरोबर कुत्रा. तिनं चहा ठेवला होता, आम्हालापण बोलावत होती. येईलच ती मागून.”

क्लॅरी बाहेर गेला. नॉरा त्याच्या मागोमाग. बिनारूची माती विटकरी. इथल्या प्रत्येक गाडीला, कुत्र्याला, कपड्याला तिचा रंग लागलेला असतो. कॅरव्हॅनवर धूळ होती ती पांढरी. पिठासारखी बारीक. क्लॅरीनं तिच्यावर बोट फिरवलं आणि ते बोट तो बघत राहिला. मग पँटला पुसलं, दोनदा.

“तुम्ही त्या रस्त्यावरून बाहेर कधी पडलात?” नॉरानं बर्टला विचारलं.

“साडेदहा झाले असतील. मग डांबरी रस्त्याला सावली बघून खायला बसलो.”

साडेदहा. नॉरानं मनातल्या मनात दहा चाळीसपर्यंतची दहा मिनिटं मोजली आणि लगेच स्वतःला झापलं. एखादं पान पुसल्यानं रस्ता पुसला जात नाही. हे दोघं म्हातारे कोणाच्यातरी थट्टेत सामील असतील. धूळ काय, कुठूनही आणता येते.

तरी दुपारी ती क्लॅरीच्या ट्रकमधे बसून टॅरोला फाट्याला गेली. चाळीस मिनिटांच्या वाटेत दोघं मिळून दहा वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. फाट्याच्या अलीकडे पाटी नव्हती. पाच तारांचं कुंपण होतं, सरळ, कुठे तुटलेलं नाही, दुरुस्त केलेलं नाही. पलीकडे खुरटी झाडं आणि विटकरी माती, नजर जाईल तिथवर.

क्लॅरी गाडी हळू चालवत होता. एका जागी तो थांबला. उतरला.

चाकांचे दोन पांढरे पट्टे कुंपणाच्या खालून आले होते आणि वळून डांबरावर चढले होते. कुंपणाच्या पलीकडे वीतभर जागेतही ते नव्हते.

नॉरानं तार हलवून पाहिली. ताठ होती. उन्हानं इतकी तापलेली की तिचा हात भाजला.

“टॅमसिनला सांगू नकोस,” क्लॅरी म्हणाला. “पोरगी घाबरेल.”

तो खरोखर टॅमसिनचाच विचार करत होता, की हे आणखी कोणाला कळू नये असं त्याला वाटत होतं, हे नॉराला ठरवता येईना.

निळी गाडी बुधवारी आली नाही. गुरुवारी सकाळी ब्रिस्बेनहून एका मुलीचा फोन आला. तिची आई, मिरियम ऑल्सॉप, वय सत्तर, निवृत्त नर्स, बरोबर म्हातारा कुत्रा. बुधवारी दुपारी बिनारूला पोचून फोन करणार होती.

पोलीस सार्जंट आला. शेजारच्या एका मळेवाल्यानं आपलं छोटं विमान काढलं आणि दिवसभर त्या भागावर घिरट्या घातल्या. गाडी नाही, धूळ नाही, घारी-कावळेही नाहीत. त्या दिवशी सावलीत पंचेचाळीस अंश होते.

संध्याकाळी सार्जंटनं तिघांना समोर बसवलं आणि यादी मोजली. “यात तो रस्ता नाही.”

“मी काढला,” नॉरा म्हणाली. “बुधवारी सकाळी.”

“लावला कोणी होता?”

“ते सापडलं नाही.”

“म्हणजे कोणीतरी खोटा रस्ता दाखवून एका म्हातारीला रानात घातली.” त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “आणि त्या यादीला हात लागतो तुम्हा तिघांचा.”

टॅमसिन रडायला लागली. क्लॅरी हॅटची कड बोटांनी फिरवत बसला. नॉराला वाटलं, आपण रडतही नाही, हातातही काही धरलेलं नाही, म्हणजे सगळ्यात संशयास्पद आपणच दिसत असणार. वायर काढून ठेवल्याचं तिनं सार्जंटला सांगितलं नाही. पांढऱ्या पट्ट्यांचंही नाही. क्लॅरीनंही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी क्लॅरी दप्तरखोलीच्या पायरीवर येऊन बसला. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी थकल्यासारखा दिसत होता. हाताला तारेचे ओरखडे होते.

“त्या कुंपणाच्या आत चाळीस किलोमीटर जाऊन आलो,” तो म्हणाला. “काही नाही.”

नॉरा दारात उभी राहिली.

“ते तुझ्याकडे अजून असेल ना?”

“काय?”

“जे काढलंस ते.”

“आहे.”

“परत लाव.”

“क्लॅरी, वेड लागलंय का तुला? सार्जंटनं पाहिलं तर थेट आत टाकेल मला. आणि ते वाचून आणखी कोणी गेलं म्हणजे?”

“सगळ्यांना दिसू नये असं करता येतं का?”

“येतं.”

“मग तसं कर.” तो वर न बघता बोलत होता. “पाटी तिथे होती. ते म्हातारे खोटं बोलत नव्हते. मी पट्टे बघितले, तूपण बघितलेस.”

नॉराला जे विचारायचं होतं ते तीन दिवस मनातच राहिलं होतं. “क्लॅरी, खरं सांग. हे तू तर करत नाहीस ना?”

त्याला राग आला नाही. “करत असतो तर बरं झालं असतं गं,” तो म्हणाला. “तिला शोधायचं कुठे, ते तरी ठाऊक असतं.”

दोन वाजता तिनं खणातली डिस्क काढली. असल्या फाइली हुडकून नष्ट करण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती. आता तशीच एक फाइल ती स्वतःच्या हातानं सर्व्हरवर ठेवत होती. ओळ फक्त तिच्या आणि क्लॅरीच्या फोनवर दिसेल एवढा एक बदल तिनं केला. छोटी फाइल तिनं रिकामीच ठेवली. सकाळच्या सहा दहापर्यंत तिच्यात काही येणार नव्हतं.

दोघं पायरीवर गेले. फोनवर पान उघडलं.

‘लाँग सोक रोड. बंद. एक गाडी आत.’

क्लॅरी तडक ट्रककडे निघाला.

शनिवारी सकाळी ओळ बदलली.

‘बंद. एक गाडी आत. पाणी पुरेल.’

त्या दिवशी नॉरा घरी गेलीच नाही, असं म्हटलं तरी चालेल. दर तासाला पान उघडायची. टॅमसिननं दोन वेळा दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत गेली. क्लॅरी टॅरोला फाट्याला ट्रक लावून बसला होता. कुंपण जसंच्या तसं होतं.

रविवारी सहा दहाला एकच शब्द आला.

‘खुला.’

अकरा वाजता निळी गाडी ऑफिससमोर थांबली.

सुट्टीचा दिवस. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडीच्या मागेच क्लॅरीचा ट्रक होता, आणि क्लॅरी त्यात स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता, उतरत नव्हता. गाडीतून एक ठेंगणी बाई उतरली. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कापडी टोपी. चेहरा ताजा. तिनं मागचं दार उघडलं आणि कुत्र्याला उचलून खाली ठेवलं.

“तुमच्याकडे बाथरूम मिळेल का हो? आणि याला थोडं पाणी,” ती म्हणाली. “मुलीला फोन करायचाय. दुपारपर्यंत करते म्हटलं होतं, अजून अकराच वाजलेत ना?”

“अकराच,” नॉरा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू येत नव्हता. “तुम्ही मिरियम?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?” ती हसली. “त्या कॅरव्हॅनवाल्यांनी सांगितलं असेल. बोलके होते फार. ग्रंथालय उघडं असेल ना? म्हटलं, बुधवार आहे.”

नॉरानं तिला आत नेलं. तिनं फोन केला, पलीकडून मुलीचं रडणं खोलीभर ऐकू आलं, आणि मिरियम गोंधळून पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, “अगं, पण मी तर चहा प्यायला थांबले होते.” फोन ठेवून ती नॉराच्या खुर्चीत बसली. एसीचा वारा तिच्या पांढऱ्या केसांना लागत होता. कुत्रा टेबलाखाली झोपला. क्लॅरी दारात येऊन उभा राहिला होता.

“काय झालं तिथे?” नॉरानं विचारलं.

“काहीच नाही. मी चहा संपवला, निघाले, तर ग्रेडरवाला समोरून चालत आला. म्हणाला, थांबा, रस्ता बंद झालाय. मी म्हटलं, आत्ताच तर खुला होता. तर म्हणाला, हो, मीच खुला ठेवला होता, मी बंद केलेला नाही. जरा चिडला होता, पण माझ्यावर नाही. मला सावलीत बसवलं. कुत्र्यासाठी टाकीतून पाणी काढून दिलं.”

“कसा होता दिसायला?”

मिरियमनं आठवून पाहिलं. “बाई गं,” ती म्हणाली, “नाही सांगता येत.”

क्लॅरीनं दाराची चौकट धरली.

“तो सारखं एकच विचारत होता,” मिरियम म्हणाली, “बंद कोणी केला म्हणून. मी म्हटलं, मला काय ठाऊक बाबा. मग माझ्या लक्षात आलं, फोनवर ते पान उघडंच होतं, तुमच्या कौन्सिलचं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक नाव असतं ना, वेबसाइट कोण सांभाळतं त्याचं? ते मी त्याला वाचून दाखवलं.”

नॉरानं पडद्यावरच्या पानाच्या तळाशी पाहिलं, तिथे तिचंच नाव होतं.

“मग?” नॉरानं विचारलं.

“मग काही नाही. खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. अगदी सभ्य माणूस.” मिरियमनं वाकून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. “आडनावाचं स्पेलिंग मात्र दोनदा विचारलं.”